मुक्कामी झाड: रातथारा कसा मोजायचा

सव्वीस वर्षं मी एसटीत वाहक होतो, त्यातली नऊ वर्षं मुक्कामी गाडीवर. आमचं गाव उजनीच्या पाणफुगवट्याजवळचं, तालुक्याचं. स्टँडच्या टोकाला जुना पिंपळ होता. संध्याकाळी गाडी भरेपर्यंत मी फलाटावर उभा राहायचो आणि डोक्यावर साळुंक्यांची गाडी भरत असायची. भांडणं, जागेसाठी ढकलाढकली, शेवटी आलेल्याला कडेची फांदी. एक दिवस कोऱ्या वहीत लिहायला लागलो: पहिला थवा किती वाजता, शेवटचा किती वाजता, एकूण किती. निवृत्तीनंतरही ते चालूच आहे. गावातली पोरं विचारतात, काका, आम्हाला शिकवा. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

पक्षी रात्री जमून झोपतात त्या जागेला रातथारा म्हणतात. ही पहिली गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जणांना वाटतं की पक्षी रोज रात्री घरट्यात झोपतो. घरटं अंड्यापिल्लांसाठी असतं. विणीचा हंगाम सोडला तर बहुतेक पक्ष्यांची रात्र फांदीवर, वेळूच्या बेटात, उसात किंवा पाणथळीतल्या पाणकणसांत जाते.

आधी झाड शोधा. सकाळी रस्त्यावर आणि पानांवर पांढऱ्या शिटेचा सडा दिसला की वर रातथारा आहे असं समजा. नाहीतर संध्याकाळी पाचला गच्चीवर जाऊन थवे कुठल्या दिशेला चाललेत ते बघा आणि दुसऱ्या दिवशी त्या दिशेला पाच मिनिटं पुढे जाऊन उभे राहा. दोन-तीन दिवसांत झाड सापडतं. दुर्मीळ पक्ष्याच्या मागे लागू नका. साळुंकी, कावळा, पोपट, गायबगळा यांपैकी कुणीही चालेल. पण झाड एकच धरा, कारण वेगवेगळ्या दहा झाडांच्या एकेका नोंदीतून काहीच कळत नाही.

सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोहोचा. सूर्यास्ताची वेळ आपल्या गावाची घ्या. दिनदर्शिकेत बहुतेकदा मुंबईची छापलेली असते आणि पूर्वेकडे दर रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो. आमच्याकडे सूर्य मुंबईच्या आधी जवळजवळ नऊ मिनिटं मावळतो. दोन वर्षं मी हे ध्यानात न घेता वेळा लिहिल्या, मग सगळ्या परत दुरुस्त करत बसलो.

उभं राहायचं ते झाडाखाली नाही, दूर. आकाश पाठीमागे घेऊन येणारे थवे काळे दिसतील अशा जागी. झाडात शिरलेले पक्षी मोजता येत नाहीत, शिरणारे मोजता येतात. साळुंक्या झाडात जाण्याआधी जवळपासच्या तारांवर, मैदानात जमतात. ती जमवाजमव मोजू नका, नाहीतर एकच पक्षी दोनदा लिहिला जातो. झाडात शिरला की मगच नोंद.

मोजायची पद्धत अशी. लहान थवा एकेक करून मोजायचा. मोठा आला की त्यातले दहा पक्षी नजरेनं वेगळे काढायचे, ते आकाशात किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं आणि तसे किती तुकडे होतात ते बघायचं. वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. दर पाच मिनिटांना नवी ओळ. थवे चारही बाजूंनी येत असतील तर चार माणसं लागतात, प्रत्येकानं आपली दिशा सोडायची नाही. माणसं नसतील तर एकच दिशा मोजा आणि वहीत तसं स्पष्ट लिहा. सकाळची मोजणी अवघड असते, उजाडायच्या सुमारास मोठमोठे थवे एका दमात उठतात. सुरुवात संध्याकाळनंच करा.

प्रत्येक नोंदीसोबत ढग, वारा, पाऊस लिहायला विसरू नका. पहिला थवा सूर्यास्ताच्या किती मिनिटं आधी आला हा आकडा वेगळ्या रकान्यात लिहा. महिनाभरात तुमचं तुम्हालाच दिसेल की ढगाळ दिवशी ते लवकर येतात. पक्षी उजेड बघून परततात. आमचं वेळापत्रक छापील असायचं, त्यांचं आभाळावर लिहिलेलं असतं.

याच वेळी एक पाळी बदलताना दिसते. दिवसभर गर्द झाडीत पाठ वाकवून बसलेला रातबगळा साळुंक्या स्थिरावता स्थिरावता ‘क्वॉक’ करून पाण्याकडे निघतो. त्याचीही वेळ लिहा.

आता झोपेबद्दल. अंधारात टॉर्च झाडावर मारू नका. मी एकदा मारला होता. अर्धं झाड उडालं, अंधारात पक्षी तारांवर आपटले आणि एक साळुंकी सकाळी खाली मेलेली सापडली. ती मीच मारली असं मी आजही मानतो. टॉर्च फक्त वहीपुरता, खाली धरून. रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात येणाऱ्या फांद्या निवडा आणि दुर्बिणीनं एकच पक्षी बघत राहा. पिसं फुगवून तो गोल झालेला दिसेल. आपण म्हणतो, पक्षी पंखात डोकं घालतो. नीट बघा, मान मागे वळवून तो चोच पाठीवरच्या पिसांत खुपसतो. वेडे राघू मात्र एकाच फांदीवर खांद्याला खांदा लावून ओळीनं बसतात. कडेचा कोण आणि मधला कोण, ते लिहून ठेवा.

झोप खरी शिकायची तर दिवसा पाण्यावर जा. दुपारी काठावर हळदी-कुंकू बदकं विसावलेली असतात, हिवाळ्यात चक्रवाकही असतात. लांब बसा, एक बदक निवडा आणि मिनिटाला ते किती वेळा डोळा उघडतं ते मोजा. मग थव्याच्या मधलं एक आणि कडेचं एक, अशी तुलना करा. १९९९ साली मॅलार्ड बदकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ओळीच्या कडेला झोपलेली बदकं बाहेरच्या बाजूचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवत होती. तेवढ्या वेळात त्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूचा अर्धा मेंदू जागा असायचा आणि उरलेला अर्धा झोपलेला. गाडीच्या बाकड्यावर झोपून एक कान दाराकडे ठेवलेल्या माणसाला हे लगेच पटतं. २०१६ मध्ये तर गॅलापागोसच्या फ्रिगेट पक्ष्यांच्या मेंदूची नोंद उडतानाच घेतली गेली. समुद्रावर दिवसेंदिवस उडताना ते दिवसाला सरासरी ४२ मिनिटंच झोपत होते, तीही हवेत.

सकाळी पक्षी कुठे जातात हे शोधायला फोनमधलं होकायंत्र पुरतं. थवा नाहीसा होतो ती दिशा अंशांत लिहा, नकाशावर रेघ ओढा, आणि त्या रेघेवरच्या गावात ओळखीचं कोण आहे ते आठवा. आमच्या गायबगळ्यांची रेघ कालव्यावरून उसाच्या पट्ट्यात गेली, तिथल्या एका मेंढपाळानं बगळे येण्याची वेळ सांगितली आणि ती जुळली. भोरड्यांचं, म्हणजे गुलाबी मैनांचं, वेगळं. त्या हिवाळ्यापुरत्या आपल्या, ज्वारीच्या रानात चरतात आणि वसंतात मध्य आशियाकडे निघून जातात. त्यांची पहिली आणि शेवटची तारीख दरवर्षी लिहा. पाण्यावरच्या एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेलं कडं किंवा रंगीत पट्टी दिसली तर रंग, कुठला पाय, अक्षरं, तारीख आणि जागा लिहून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब हंस भारतात अशाच नोंदींमुळे ओळखले गेले. पक्षी पकडून स्वतः कडं घालायला मात्र जाऊ नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला परवानगी लागते.

आमचा पिंपळ रस्तारुंदीत गेला. त्या संध्याकाळच्या पानावर लिहिलंय: ‘६.०४, पहिला थवा. झाड नाही.’ त्या रिकाम्या जागेवर ते अंधार पडेपर्यंत घिरट्या घालत होते. मी मोजले नाहीत, मोजवले नाहीत. आठ दिवस रोज वेगवेगळ्या दिशेला उभा राहिलो, तेव्हा नवी जागा सापडली: बाजारतळावरचा रेन ट्री. पुढे त्यावरही तोडण्याची नोटीस लागली. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, त्याखाली नागरिकांना हरकत घेता येते. मी हरकतीला वहीच्या अकरा महिन्यांच्या पानांची झेरॉक्स जोडली. सुनावणीत साहेबांनी पानं चाळली आणि विचारलं, हे रोज कोण मोजतं? झाड अजून उभं आहे, खालच्या दोन फांद्या तेवढ्या गेल्या. म्हणून पोरांना सांगतो, आजची तारीख टाका, आणि पक्षी नाही आला तरी ‘शून्य’ लिहा, पान रिकामं ठेवू नका.