पावसाळ्यातले अंथरूण आणि धुळीतील माइट

सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ शिंका येत असतील, नाक चोंदत असेल किंवा रात्री दमा बळावत असेल, तर आधी अंथरुणाकडे पाहावे. गादी, उशी आणि गोधडी यांत कोळ्याच्या वर्गातले, आठ पायांचे आणि जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचे माइट राहतात. ते चावत नाहीत. आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतील प्रथिनांमुळे. म्हणून माइट मारणे पुरेसे नसते, त्यांनी मागे ठेवलेली घाणही धुऊन काढावी लागते. कडक उन्हात माइट मरतात, त्यामुळे गाद्यांना ऊन दाखवण्याची आपली रीत उत्तमच आहे. मात्र उन्हाने ही प्रथिने नाहीशी होत नाहीत.

चादरी, अभ्रे आणि पांघरुणे दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावीत. एवढे गरम पाणी शक्य नसल्यास साध्या पाण्यातही बरीचशी प्रथिने निघून जातात, पण बहुतेक माइट जिवंत राहतात, त्यामुळे त्यानंतर कपडे कडक उन्हात पूर्ण वाळवावेत. जाड गोधडीचा आतला थर ओलसर राहिला तर धुण्याचा उपयोग उरत नाही. म्हणून रोजच्या वापराला पातळ, वारंवार धुता येईल असेच पांघरूण निवडावे. गादी आणि उशी धुता येत नाही, तेव्हा त्यांना सर्व बाजूंनी झाकणारी, चेन असलेली, घट्ट विणीची माइटरोधक खोळ घालावी आणि चादर तिच्यावर अंथरावी. फक्त वरून पसरायचे आच्छादन हे काम करत नाही. कापसाची गादी झटकायची किंवा पिंजून घ्यायची असेल, तर ते काम घराबाहेर आणि ॲलर्जी असलेल्या व्यक्तीपासून दूर व्हावे.

माइट पाणी पीत नाहीत, हवेतील बाष्प शोषून घेतात; सापेक्ष आर्द्रता सतत 50 टक्क्यांखाली राहिली तर ते फार काळ तग धरत नाहीत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती सहज 80 टक्क्यांपलीकडे जाते, त्यामुळे तिथे केवळ खिडक्या उघडून हवा कोरडी होत नाही. झोपण्याच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत; तसे वाळत घालण्याची सवय मोडणे कठीण असले तरी ती मोडणे मला फार महत्त्वाचे वाटते. परवडत असल्यास वातानुकूलन यंत्र किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र वापरावे. उठल्याबरोबर अंथरूण घडी घालून कपाटात कोंबण्याऐवजी घामाचा ओलावा उडेपर्यंत उघडे ठेवावे.

फरशी कोरड्या केरसुणीने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावी. गालिचा आणि जाड पडदे झोपण्याच्या खोलीतून हलवावेत. मुलांची मऊ खेळणी पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि मग धुवावीत. हवा शुद्ध करणाऱ्या महागड्या यंत्राला मी प्राधान्य देणार नाही, कारण माइटच्या विष्ठेचे कण तुलनेने जड असल्याने ते हवेत फार वेळ तरंगत नाहीत, अंथरुणातच बसून राहतात.

यांपैकी एकच उपाय केल्याने फरक पडेल अशी खात्री देता येत नाही. प्रौढांवरील अभ्यासांत केवळ खोळी वापरल्याने दमा सुधारल्याचे दिसलेले नाही. म्हणून हे सारे एकत्र आणि काही महिने सातत्याने करावे, आणि त्या काळात इनहेलर किंवा इतर औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कमी करू नये.