पंचवटीहून किष्किंधेकडे : नाशिककरांनी हंपी कशी पाहावी

सीताहरणानंतर पंचवटीतून निघालेले राम-लक्ष्मण सुग्रीवाला भेटले ती किष्किंधा, परंपरेनुसार, तुंगभद्रेकाठच्या हंपी-आनेगुंदी परिसरात होती. त्यामुळे नाशिककर हंपीला जातो तेव्हा तो एका अर्थी रामायणाच्याच वाटेने जात असतो. मात्र रामाला लागलेला वेळ राहू द्या, आपल्याकडची बहुतेक मंडळी एका दिवसात दगडी रथापुढे छायाचित्र काढून पुढच्या गावी निघतात. हंपी म्हणजे एखादे देऊळ नव्हे. १३३६ मध्ये स्थापन झालेल्या विजयनगर साम्राज्याची ती राजधानी असून तिचे अवशेष ४० चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रात पसरलेले आहेत. तिथे किमान तीन दिवस द्यावेत, आणि तेवढे मिळत नसतील तर पाहायची ठिकाणे कमी करावीत, प्रत्येक ठिकाणचा वेळ नव्हे.

नाशिकहून सोलापूर, विजयपूरमार्गे होस्पेटपर्यंतचे अंतर रस्त्याने सुमारे ७०० किलोमीटर भरते. स्वतःचे वाहन असल्यास सोलापूर किंवा विजयपूर येथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचणे सोयीचे. रेल्वेने जायचे असल्यास मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेसने गुंतकल गाठावे व तेथून होस्पेटची गाडी धरावी. वेळापत्रक निघण्यापूर्वी अवश्य तपासावे. होस्पेटपासून हंपी अवघी १३ किलोमीटर आहे. राहण्यासाठी होस्पेट, कमलापूर किंवा हंपी गावातील घरगुती निवास यांपैकी काहीही चालेल. नदीपलीकडच्या विरुपापूर गड्डीवरील निवासस्थानांची वर्णने जुन्या लेखांत आढळतात, पण ती बांधकामे २०२० मध्ये हटवण्यात आली असल्याने त्यांच्या भरवशावर बेत आखू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. येथील दगड आपल्यासारखा काळा पाषाण नसून ग्रॅनाइट आहे आणि दिवसभर तापलेल्या त्या शिळा सूर्यास्तानंतरही ऊब सोडत राहतात. एप्रिल-मे महिन्यांत ही ऊब शिक्षा ठरते. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की नदीकाठचा पुरंदर मंडप पाण्याखाली जातो आणि टोपलीसारख्या गोल नावाही बंद होतात. उन्हाची वेळ टाळून सकाळी सहा ते अकरा व दुपारी साडेतीननंतर फिरावे आणि मधला वेळ कमलापूरच्या पुरातत्त्व संग्रहालयासाठी ठेवावा. संग्रहालय शुक्रवारी बंद असते. माझ्या मते तर हंपीची सुरुवातच या संग्रहालयापासून व्हावी, कारण तेथील मोठ्या प्रतिकृतीत डोंगर, नदी, तटबंदी आणि देवळे एकत्र दिसतात व पुढे प्रत्यक्ष फिरताना आपण नगराच्या कोणत्या भागात आहोत हे कळत राहते.

पहिला दिवस राजवाड्यांच्या परिसरास द्यावा. येथे अनेकांची निराशा होते, कारण महालांच्या जागी केवळ जोती उरलेली दिसतात. १५६५ च्या लढाईतील पराभवानंतर राजधानी लुटली व जाळली गेली. महालांचे वरचे लाकडी बांधकाम नष्ट झाले आणि दगडी देवळे टिकली, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे रिकामी जोतीही बोलू लागतात. महानवमी दिब्बा या उंच दगडी चौथऱ्यावर चढून आजूबाजूला पाहावे, काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करणी आणि तिच्यापर्यंत पाणी आणणारा दगडी पाट शोधावा. कमलमहाल व हत्तीखाना पाहण्यास तासभर पुरतो. हजारराम मंदिरासाठी मात्र घाई नको. आवाराच्या बाहेरील भिंतीवर हत्ती, घोडे व नर्तकींच्या मिरवणुका आहेत, तर देवळाच्या भिंतीवर रामायण थरांमध्ये कोरलेले असून त्याचा क्रम लावायचा तर देवळाभोवती पुन्हा पुन्हा प्रदक्षिणा घालावी लागते. रामाने एका बाणात सात वृक्ष भेदल्याचा प्रसंग मुलांना शोधायला लावावा. आतील मंडपाचे काळे, गुळगुळीत खांब पाहून नाशिककराला काळाराम आठवल्यावाचून राहत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे विरूपाक्ष मंदिरात जावे. हे देऊळ आजही पूजेत आहे, म्हणून पादत्राणे व वागण्याचे भान ठेवावे. सुमारे ५० मीटर उंच गोपुराची उलटी सावली मागील बाजूच्या खोलीत भिंतीवर पडते, ती चुकवू नये. तेथून वाहन न घेता बाजारपेठेच्या टोकापासून नदीकाठच्या पायवाटेने विठ्ठल मंदिर गाठावे. ही साधारण दोन किलोमीटरांची चाल म्हणजे हंपीचा सर्वोत्तम भाग होय. ५० रुपयांच्या नोटेवरचा दगडी रथ प्रत्यक्षात गरुडाचे देवालय असून तो अनेक शिळा जोडून घडवलेला आहे. मंडपाचे सुरेल खांब वाजवून पाहण्यास मनाई आहे व ती पाळावी. येथला गाभारा रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती विजयनगरला नेली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, ही वारकरी परंपरेतील कथा त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभे राहून घरच्यांना सांगावी. तिकीट जपून ठेवावे, कारण त्याच दिवशी ते कमलमहालाच्या आवारात व संग्रहालयातही चालते. संध्याकाळी हेमकूट टेकडी आणि वाटेत एकाच शिळेतून घडवलेला, सुमारे ६.७ मीटर उंचीचा उग्र नरसिंह पाहावा.

तिसरा दिवस नदीपलीकडच्या आनेगुंदीसाठी. अंजनाद्री टेकडीच्या पाचशेहून अधिक पायऱ्या ऊन चढण्यापूर्वी चढाव्यात. सप्तशृंगगडावरील माकडांशी परिचय असलेल्यांना अधिक सांगायला नको, पण हातात केळी किंवा प्रसादाची पिशवी धरू नये. हनुमानाचा जन्म अंजनेरीचा की अंजनाद्रीचा, हा वाद मात्र तेथील पुजाऱ्यांशी घालू नये. तो परत आल्यावर त्र्यंबक रस्त्यावर चहा पिताना खुशाल घालावा.