शब्दाची जात वाक्यात बघा

इंग्रजी शब्दांच्या आठ जाती पाठ असूनही परीक्षेत गोंधळ होतो, कारण एकच शब्द वाक्यागणिक जात बदलतो. 'अ फास्ट ट्रेन' मधला 'फास्ट' विशेषण, 'ही रन्स फास्ट' मधला क्रियाविशेषण, आणि 'दे फास्ट टुडे' (ते आज उपवास करतात) मध्ये तोच क्रियापद. म्हणून सुटा शब्द बघून उत्तर लिहूच नका. तो कोणाबद्दल सांगतोय ते आधी विचारा. नामाबद्दल असेल तर विशेषण, क्रियेबद्दल असेल तर बहुधा क्रियाविशेषण.

शेवटी 'ली' दिसलं की क्रियाविशेषण, ही युक्ती अर्धवट आहे. 'फ्रेंडली', 'लव्हली' ही चक्क विशेषणं!

खरी गोची होते ती 'आफ्टर', 'बिफोर', 'सिन्स' यांची. पुढे नुसतं नाम किंवा सर्वनाम आलं (आफ्टर लंच), तर शब्दयोगी अव्यय. पुढे कर्ता आणि क्रियापद दोन्ही आले (आफ्टर ही लेफ्ट), तर उभयान्वयी. आणि 'आय मेट हिम बिफोर' सारखं पुढे काहीच नसेल, तर क्रियाविशेषण. केवलप्रयोगी अव्ययाची काळजी नको, त्याच्यासोबत बहुतेक वेळा उद्गारचिन्ह असतंच.