आयसीसीचा आरोप हाती आला: शिक्षा मान्य करायची की सुनावणी मागायची?

खेळाडूच्या मैदानातल्या गैरवर्तनाबद्दल पंचांनी तक्रार केली आणि आरोपाचा कागद संघ व्यवस्थापकाच्या हाती पडला. त्यात कलम, स्तर (गुन्हा किती गंभीर ते) आणि प्रस्तावित शिक्षा असते. सहीआधी खेळाडूच्या गेल्या 24 महिन्यांतल्या डिमेरिट गुणांची, म्हणजे गैरवर्तनाबद्दल खात्यावर चढलेल्या दंडगुणांची, बेरीज करा. दंडाची टक्केवारी मागाहून बघितली तरी चालते.

चार गुण भरले की दोन निलंबन गुण होतात: एक कसोटी, दोन वनडे किंवा दोन टी-20 बाहेर, जे आधी येईल ते. पहिल्या स्तरात ताकिदीपासून निम्म्या मानधनापर्यंत शिक्षा आणि एक-दोन गुण, दुसऱ्यात तीन-चार. खातं कोरं आहे, आणि बाद दिल्यावर पंचांना बॅट दाखवल्याचं चित्रण स्वच्छ आहे? मग मान्य करून मोकळं व्हा. पहिल्या स्तराच्या निकालावर अपील नाही, आणि सुनावणीत शिक्षा प्रस्तावापेक्षा वाढूही शकते.

खातं भरत आलं असेल तर मात्र स्तरावर भांडा. 2018 मध्ये पोर्ट एलिझाबेथ कसोटीत दक्षिण आफ्रिकेचा गोलंदाज कागिसो रबाडाचा खांदा ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथला लागला. दुसऱ्या स्तराचे तीन गुण पडून बेरीज आठच्या वर गेली आणि दोन कसोटींची बंदी आली. अपिलात आयसीसीने नेमलेले अपील आयुक्त मायकेल हेरॉन यांच्यापुढे सहा तास युक्तिवाद झाला. खांदा लागला हे चित्रणात दिसतच होतं. कलमात मात्र ‘मुद्दाम’ हा शब्द आहे, आणि तो सिद्ध झाला नाही. आरोप पहिल्या स्तरावर उतरला, 25 टक्के दंड आणि एक गुण. बेरीज सातवर थांबली आणि रबाडा केपटाऊनला खेळला. तेव्हा कलमातला शब्द न् शब्द वाचा, प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्रण मागवा.

सांगण्यासारखं काही नसेल तर सुनावणी मागू नका. त्याच वर्षी चेंडूशी छेडछाडीच्या आरोपात श्रीलंकेचा कर्णधार दिनेश चंडिमलने तोंडात काहीतरी टाकल्याचं कबूल केलं, पण काय ते आठवत नाही म्हणाला. सामनाधिकारी जवागल श्रीनाथ यांना ते पटलं नाही. एका कसोटीची बंदी अपिलातही टिकली.

शिवाय, सहीने प्रकरण मिटतं ते फक्त आयसीसीपुरतं. 2018 च्याच केपटाऊन कसोटीतल्या चेंडू छेडछाड प्रकरणात स्मिथने एका कसोटीची बंदी मान्य केली, आणि काही दिवसांतच क्रिकेट ऑस्ट्रेलियाने त्याला 12 महिने बाहेर बसवलं. म्हणून आपल्या मंडळाची भूमिका सहीआधी विचारून घ्या.