माशाचा सांगाडा ट्रॉफी म्हणून मांडताय? आधी या चुका टाळा

ताटलीभर सुटी हाडं आणि खाली प्रश्न, "आता हे जोडायचं कसं?" असा फोटो मला कोणी ना कोणी पाठवतंच. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो, "उकळलंत का?" आणि उत्तरही ठरलेलं, "थोडंसंच."

उकळणं

प्राण्याची कवटी उकळून साफ करता येते, असं कुठेतरी ऐकलेलं असतं आणि तेच माशावर आजमावलं जातं. पण सस्तन प्राण्याच्या कवटीतली हाडं शिवणींनी एकमेकांत घट्ट बसलेली असतात. हाडांचा सांगाडा असलेल्या माशाच्या डोक्यात मात्र शंभराच्या घरात हाडं असतात आणि त्यातली बरीचशी नुसत्या अस्थिबंधांवर नि पातळ कातडीवर तोललेली असतात. हे बंध कोलॅजन या प्रथिनाचे. उकळत्या पाण्यात कोलॅजनचं जिलेटिन होतं, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने सगळा डिंक विरघळवून टाकता.

हे मी ऐकून सांगत नाहीये. स्वतःच्या गळाला लागलेला पहिला हातभर मासा मी असाच घालवला. दहाच मिनिटं म्हणून पातेलं ठेवलं, झाकण काढलं तेव्हा खालचा जबडा तळाशी आणि कल्ल्यांची झाकणं वर तरंगत होती. घाईघाईत पाणी मोरीत ओतलं, गाळणी न लावता. डोळ्याखाली हाडांची एक बारीक साखळी असते, कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. ती त्या पाण्याबरोबर गेली. उरलेलं डोकं जोडायला दोन महिने लागले आणि तरी डावीकडचं एक हाड मी उजवीकडे बसवलं. तो मासा आजही एका बाजूने कुत्सित हसतो.

आता मी काय करतो? खवले, कातडी आणि मोठं मांस सुरीने काढतो, बरगड्यांमधला पातळ पडदा तसाच ठेवतो. मग मासा ताटात आडवा ठेवून एका वेळी दोन बोटं रुंदीच्या भागावर पळीने गरम पाणी सोडायचं, मांस पांढरं पडलं की चिमट्याने आणि मऊ ब्रशने उचलायचं. डोक्यावर तर पाणी चमच्यानेच. सांध्यावरचा चिवट, अर्धपारदर्शक भाग खरवडायचा नाही, वाळल्यावर सांगाडा त्याच्यावरच उभा राहणार आहे. मांसात सुटे तरंगणारे बारीक काटे असतात, ते मी सोडून देतो. तेही बसवायचे असा हट्ट असेल तर तुमचा वेळ आणि तुम्ही.

तेल न काढताच पांढरं करणं

अधीर माणसाची ही सगळ्यात लाडकी चूक. मांस निघालं की लगेच हायड्रोजन पेरॉक्साइड, दुसऱ्या दिवशी शुभ्र सांगाडा, तिसऱ्या दिवशी फोटो. पेरॉक्साइड रंग घालवतं, तेल नाही. तेल मणक्यांच्या आत आणि कवटीच्या सच्छिद्र हाडांत दडलेलं असतं आणि सावकाश बाहेर येतं.

मी एका मित्राला असाच एक शुभ्र सांगाडा काचेच्या पेटीत घालून भेट दिला होता. काही महिन्यांनी त्याच्याकडे गेलो तर कवटी मधासारखी पिवळी, मणक्यांवर धूळ चिकटलेली, आणि पेटी उघडताच खवट वास. मित्र सभ्य, म्हणाला, "जुना झाल्यावर असाच दिसतो ना?" मी हो म्हणालो. खोटं बोललो.

त्यानंतर माझा शिरस्ता असा: सांगाडा आधी पूर्ण वाळवायचा, मग झाकणाच्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवायचा. द्रव पिवळा झाला की बदलायचा, आणि पिवळा होणं थांबेपर्यंत पेरॉक्साइडचं नाव काढायचं नाही. तेलकट माशाला आठवडे लागतात. साबणाच्या कोमट पाण्यानेही तेल निघतं, पण लांबलेल्या भिजवण्यात सांधे सैल पडतात, म्हणून अखंड सांगाड्याला मी ते वापरत नाही. ॲसिटोनजवळ ज्योत नको, आणि खिडकी उघडी हवी.

पेरॉक्साइड 3 टक्क्यांचं पुरतं. त्याची बरणी घट्ट बंद करू नका, आत वायू साठतो. ओल्या हाडाला वाळल्यावर दिसेल तेवढा पांढरेपणा येत नाही, त्यामुळे "अजून थोडं" करत बसू नका.

ब्लीच

नाही. कपड्यांचं ब्लीच हाड खडूसारखं भुसभुशीत करतं. अमोनियात मिसळलंत तर विषारी वायू होतो, तो वेगळाच.

बाकीच्या

पोट फाडताना पोटाखालच्या परांची जोडी आतड्यांबरोबर फेकली जाते. बहुतेक माशांत तिचा आधार मणक्याला जोडलेलाच नसतो, म्हणून सुरी चालवण्यापूर्वी ती शोधा. खांद्याचा पट्टा, म्हणजे छातीजवळच्या परांना धरणारी हाडं, मात्र कवटीच्या मागे टांगलेला असतो. तो बरगड्यांना चिकटवलेले "ट्रॉफी" सांगाडे मी पाहिले आहेत.

पर ओले असतानाच पसरून, पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांत धरून टाचण्या लावा. वाळल्यावर उघडायला गेलात तर काड्या तुटतील. टाचण्यांसाठी थर्मोकोल चालतो, पण त्यावर ॲसिटोनमधला गोंद सांडला तर थर्मोकोल विरघळतो. हाही अनुभव आहे.

लोखंडी तार गंजून हाडावर डाग पाडते, पितळी किंवा स्टेनलेस घ्या. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने चुकीचं हाड एकदा बसलं की बसलं. मी पांढरा गोंद वापरतो, पाण्याने सुटतो.

मांस खाणारे डर्मेस्टिड किडे छान काम करतात, पण रोज डोकावायला हवं. मांस संपलं की ते सांधे कुरतडतात. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रवात, ठेवलेला मासा त्यांना देऊ नका, ते तोंड लावत नाहीत.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, वाळताना आकसतो आणि वाकडा होतो. जबडा ठेवा, बाकीचा नाद सोडा.

आणि सुरी लावण्याआधी दोन्ही बाजूंनी, वरून आणि तोंड उघडून फोटो काढा. एवढं करूनही शेवटी ताटलीत एखादं हाड उरलं, तर रिकामी जागा दिसली म्हणून तिथे चिकटवू नका. माझ्याकडे एका काडेपेटीत अशी चार आहेत.