नव्या कॉम्प्युटरवर टॅली नेताना या चुका टाळा

कॉपी करता करता विंडोज विचारतं, या नावाची फाइल इथे आधीच आहे, बदलू का? आणि घाईत आपण 'रिप्लेस' दाबतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा हलवताना सगळ्यात महागात पडणारं बटण हेच.

सांगलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात दोन फर्म आहेत, एक वडिलांच्या नावावर, दुसरी मुलाच्या. वडिलांच्या फर्मचा डेटा सी ड्राइव्हवर, मुलाचा डी ड्राइव्हवर. टॅली प्रत्येक कंपनीसाठी आकड्याच्या नावाचा फोल्डर बनवते, आणि वेगळ्या जागी डेटा ठेवला की तिथली मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे दोन्हीकडच्या पहिल्या कंपनीचा फोल्डर १००००च होता. मुलाने पेनड्राइव्हवर एकच 'डेटा' फोल्डर केला, आधी वडिलांचा १०००० टाकला, मग त्यावरच आपला. आतल्या फाइल्सची नावंही सारखी असतात. काही बदलल्या, काही जुन्या तशाच राहिल्या आणि नव्या मशीनवर दोन्ही कंपन्या उघडेनात. जुना सीपीयू एक्स्चेंजमध्ये द्यायचा राहिला होता म्हणून चार वर्षांची खाती वाचली. मी गेलो तेव्हा वडील त्या सीपीयूजवळ खुर्ची टाकून बसले होते, कुणी हात लावू नये म्हणून.

हल्ली हे प्रसंग वाढलेत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट थांबला, विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि दुकानातलं आठ-दहा वर्षांचं मशीन त्यात बसत नाही. नवीन मशीन येतं, विक्रेता अर्ध्या तासात जोडून देतो, आणि 'तेवढं टॅली टाकून द्या' हे काम घाईगडबडीत कुणाच्या तरी गळ्यात पडतं.

डेटा नेमका कुठे आहे, हे न बघता कॉपी करणं

बहुतेक जण सी ड्राइव्हवरचा टॅलीचा फोल्डर उचलतात आणि झालं समजतात. टॅली प्राइमचा डेटा साधारणपणे सी ड्राइव्हवर यूझर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा या वाटेवर असतो. ईआरपी ९ या आधीच्या टॅलीच्या काळात तो टॅलीच्याच फोल्डरमध्ये असायचा. शिवाय कुणी कधी डी ड्राइव्हवर हलवलेला असतो, कुणी डेस्कटॉपवर. म्हणून अंदाज नको. टॅली उघडा, कंपनी निवडायच्या स्क्रीनवर डेटाची वाट लिहिलेली असते, ती प्रत्येक कंपनीसाठी वहीत उतरवून घ्या. जुन्या वर्षांचा डेटा स्प्लिट करून, म्हणजे वेगळा काढून ठेवला असेल तर तोही शोधा. जीएसटी कायद्याप्रमाणे त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरायच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात आणि कंपनी कायद्याखाली ८ आर्थिक वर्षं. 'जुनं आता कशाला' म्हणून मागे सोडलेला फोल्डर नोटीस आल्यावर आठवतो.

दोन वाटा असतील तर नव्या मशीनवरही दोन वेगळे फोल्डर करा आणि त्यांना फर्मची नावं द्या. आकड्यांचे फोल्डर एकात एक मिसळू नका.

कॉपी करताना टॅली सगळीकडे बंद हवी. काउंटरवरच्या दुसऱ्या मशीनवर बिल चालू असताना इकडे डेटा उचलला तर अर्धवट लिहिलेली फाइल येते, आणि ती बिघडलेली आहे हे आठवड्याने कळतं. बॅकअप घ्यायचा तर ऑल्ट आणि वाय दाबून टॅलीच्याच मेनूतून घ्या, वर फोल्डरची सरळ कॉपीही ठेवा. मी दोन्ही घेतो, दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह काढताना इजेक्ट केल्याशिवाय ओढू नका.

बॅकअपमध्ये काय नसतं

हा गैरसमज फार आहे. बॅकअपमध्ये कंपनीचा डेटा येतो, बाकी काही नाही. लायसन्स येत नाही. बिलाचा खास फॉरमॅट, बारकोड, चेक प्रिंटिंग यांसाठी कुणी बनवून दिलेल्या टीडीएल फाइल्स येत नाहीत. त्या जुन्या मशीनवर कुठल्या फोल्डरमध्ये आहेत ते एफ१ मधल्या टीडीएलच्या यादीत दिसतं. त्या उचलून नव्या मशीनवर पुन्हा जोडाव्या लागतात. नाहीतर पहिल्या गिऱ्हाइकाचं बिल साध्या फॉरमॅटमध्ये निघतं आणि त्यावर ना लोगो, ना ट्रान्सपोर्टचा रकाना. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, जीएसटी पोर्टलवर डिजिटल सही करायचं एमसाइनर हेही वेगळं टाकावं लागतं. हे सगळं २० तारखेच्या आदल्या दिवशी करायला घेऊ नका. जीएसटीचं महिन्याचं ३बी विवरण भरून झाल्यावरचा आठवडा घ्या.

कंपनीला टॅली व्हॉल्टचा, म्हणजे कंपनीचं नाव आणि डेटा झाकणाऱ्या कुलपाचा, पासवर्ड असेल तर तो आत्ता, जुन्या मशीनवर, टाकून बघा. यादीत कंपनीच्या नावाऐवजी चांदण्या (*) दिसत असतील तर व्हॉल्ट लावलेला आहे. हा पासवर्ड हरवला तर परत मिळत नाही, कुणाकडूनच नाही. रोज टॅली उघडणारा अकाउंटंट सुट्टीवर असताना मशीन बदलणं म्हणूनच टाळा.

लायसन्स न सोडता जुनं मशीन फॉरमॅट करणं

सिल्व्हर लायसन्स एका मशीनला बांधलेलं असतं. जुन्या मशीनवर इंटरनेट चालू ठेवून एफ१, सेटिंग्ज, लायसन्स असं जाऊन ते सरेंडर करायचं, मग नव्यावर चालू करायचं. त्यासाठी टॅली डॉट नेटचा आयडी आणि पासवर्ड लागतो, आणि अनलॉक की नोंदवलेल्या ई-मेलवर जाते.

खरी अडचण त्या ई-मेलची असते. दहा वर्षांपूर्वी ज्याने टॅली बसवून दिली, त्याने स्वतःचा ई-मेल टाकलेला असतो, किंवा तेव्हाच्या अकाउंटंटचा. तो माणूस आता पुण्याला किंवा दुबईला. मालकाला हे त्या दिवसापर्यंत माहीतच नसतं. कृपा करून आजच बघा, लायसन्स कुणाच्या ई-मेलवर आहे. दुसऱ्याचा असेल तर तो माणूस फोन उचलतोय तोवर बदलून घ्या. जुनं मशीन आधीच जळालं किंवा फॉरमॅट झालं असेल तर टॅलीच्या सपोर्टकडून लायसन्स मोकळं करून घेता येतं, पण तिथेही ओळख पटवायला हाच ई-मेल पुढे येतो.

नव्या मशीनवर तारीख टाकताना १, २ आणि ३१ सोडून दुसरी तारीख घेतच नसेल तर घाबरू नका, डेटा गेलेला नाही. टॅली एज्युकेशनल मोडमध्ये आहे, म्हणजे लायसन्स लागलेलं नाही. टीएसएसचं, म्हणजे टॅलीच्या अपडेट-सपोर्टच्या वर्गणीचं, वार्षिक नूतनीकरण संपलेलं असताना सगळ्यात नवी आवृत्ती टाकली की असं होतं. टीएसएस भरा, नाहीतर तुमच्या मुदतीत बसणारी आवृत्ती टाका.

आवृत्तीबद्दल आणखी एक. टॅली प्राइम ३.० किंवा पुढच्या आवृत्तीत जुना डेटा उघडला की तो नव्या रूपात बदलतो आणि मग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. तुमच्या सीएंकडे अजून जुनी आवृत्ती असेल तर आधी त्यांना फोन करा. आणि व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३पासून ऑडिट ट्रेल, म्हणजे कुठली नोंद कधी बदलली याची खूण ठेवणं, बंधनकारक आहे. विक्रेत्याने साधी टॅली प्राइम टाकली की एडिट लॉगवाली, हे बघून घ्या.

कंपनी दिसतच नाही

नव्या मशीनवर डेटा टाकला, टॅली उघडली, यादी रिकामी. दहापैकी सात वेळा मला एकच कारण सापडतं, फोल्डरच्या आत फोल्डर. 'डेटा'मध्ये आख्खा 'डेटा' पेस्ट झालेला असतो आणि १०००० त्याच्या आत एक पायरी खाली राहतो. टॅलीला दाखवलेल्या वाटेच्या बरोबर खाली आकड्याचा फोल्डर हवा. तसं असूनही दिसत नसेल तर त्या फोल्डरला पूर्ण परवानगी आहे का बघा.

कंपनी उघडली पण आकडे शून्य दिसतात? आधी पिरियड बघा. बऱ्याचदा तो दुसऱ्याच वर्षाचा असतो.

डेटा डेस्कटॉपवर ठेवू नका. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याला, जोडलेले असतात. टॅली फाइल लिहितेय आणि त्याच वेळी वनड्राइव्ह ती वर चढवतंय, अशी ओढाताण होते.

अनेक मशीनसाठीच्या गोल्ड लायसन्सवर तीन-चार मशीन चालत असतील आणि मधलं सर्व्हर मशीन बदललं असेल तर बाकीची मशीन जुन्याच नावाने त्याला शोधत राहतात. जुनं बंद करून नव्याला तेच नाव द्या, शेअर केलेल्या फोल्डरचंही नाव तेच ठेवा. लायसन्स सर्व्हर साधारण ९९९९ पोर्टवर असतो, तो फायरवॉलमध्ये मोकळा करा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

जुळवल्याशिवाय पहिलं बिल करू नका

जुन्या मशीनवर निघायच्या आधी तीन प्रिंट काढा, ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी आणि स्टॅटिस्टिक्स. स्टॅटिस्टिक्समध्ये सेल्स किती, रिसीट किती, जर्नल किती, अशी व्हाउचरची संख्या मिळते. नव्या मशीनवर तोच पिरियड लावून एकेक आकडा पेन्सिलने टिक करा. ट्रायल बॅलन्स जुळत नसेल किंवा व्हाउचरची संख्या कमी असेल तर तुम्ही बहुधा जुना बॅकअप रिस्टोअर केलाय किंवा एखादी फाइल अर्धवट आलीय. तिथेच थांबा. आणि रिस्टोअर करताना आधीच्या कंपनीच्या फोल्डरवर करू नका, रिकामा फोल्डर द्या, नाहीतर ती कंपनी पुसून तिच्या जागी बॅकअप बसतो.

जुळलं की त्याच क्षणी जुन्या मशीनवरच्या १०००० फोल्डरच्या नावापुढे 'जुना' असा शब्द लावा. नाव आकड्याचं नसलं की टॅलीला तो दिसत नाही. हे एवढ्यासाठी, की काउंटरवरचा मुलगा सवयीने जुनं मशीन चालू करतो आणि दिवसभर त्यावर बिलं फाडतो. मग एकाच क्रमांकाची दोन बिलं, दोन गिऱ्हाइकांची, दोन मशीनवर. ती एक्सपोर्ट-इम्पोर्टने एकत्र करता येतात, पण मी एका धान्याच्या दुकानात अशी नऊ दिवसांची बिलं निस्तरलीत. दोन रात्री लागल्या, आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात गेलेले बिलाचे क्रमांक पुढच्या महिन्यात दुरुस्त करावे लागले.

जुना सीपीयू लगेच देऊन टाकू नका. नव्या मशीनवरून एक जीएसटीआर-१ आणि एक ३बी भरून होऊ दे, सीएंनी एकदा डेटा उघडून बघू दे. त्यानंतर हार्ड डिस्क काढून, वर फर्मचं नाव आणि तारीख लिहून कपाटात ठेवा, बाकीचा डबा खुशाल एक्स्चेंजला द्या.