हात रिकामे तर सीन रिकामा: इम्प्रोव्हमध्ये या चुका टाळा

इम्प्रोव्ह म्हणजे संहिता न लिहिता रंगमंचावर ऐनवेळी उभं केलेलं नाटक. त्यातला सीन पडला की पोरं म्हणतात, "संवादच सुचले नाहीत." बहुतेक वेळा अडचण संवादात नसते. दोघं समोरासमोर उभे, हात लोंबकळलेले आणि एखादा विनोद सापडेल या आशेवर नुसती बोलाबोली. अशा वेळी हातांना काम द्यावं; वस्तू खरी नसते, पण ती हातात आहे असं धरून. मात्र काम दिलं की वेगळ्या चुका सुरू होतात.

पहिली चूक म्हणजे कामाची कॉमेंट्री. "थांब, चहा ठेवते. आता साखर घातली. अगंबाई, दूध उतू गेलं!" हात दाखवतोय तेच तोंड सांगत असेल तर प्रेक्षकांनी बघायचं कशाला? तोंड समोरच्या माणसासाठी मोकळं ठेवा. चहा गाळता गाळता "बाबांनी दुकान विकलं" एवढंच म्हणा. मग गाळणी हातातच थांबते की ओट्यावर आपटते, यावरून त्या घरातलं सगळं कळतं.

याचीच बहीण म्हणजे कामावरून वाद. "असं नाही बे, भाकरी अशी थापतात!" नवखे हमखास इथे घसरतात आणि सगळा सीन भाकरीतच जातो. शिकवणारा आणि शिकणारा हा सीन शक्यतो टाळाच. दोघांनाही काम येतं असं धरून चाला. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका बघितल्या असतील. मांडीवर सूप, कापलेल्या पानात तंबाखू, वळी, दोरा. नजर मात्र हातावर नाही; ती शेजारणीवर असते आणि विषय असतो पोरीच्या लग्नाचा. आपले कलाकार नेमकं उलटं करतात. काल्पनिक वस्तूकडे टक लावून बघत बसतात, आणि जोडीदार बिचारा हवेशी बोलतो.

वस्तूला जाडी असते, वजन असतं

अंगठा कानाला आणि करंगळी तोंडाला लावली म्हणजे फोन झाला, असं समजू नका. तो तुमचा हातच राहतो. पेला धरताना मूठ मिटली तर पेला चिरडला. बोटांमध्ये पेल्याएवढी जागा राहिलीच पाहिजे, आणि खाली ठेवताना बोटं उघडून हात मागे घेतला पाहिजे. भरलेली कळशी उचलताना खांदा झुकतो, दुसरा हात तोल सांभाळायला बाहेर जातो. रिकामी उचलताना यातलं काहीच होत नाही. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) नोटांशिवाय नोटा मोजायचा सराव सांगत. पुडक्याची गाठ सोडणं, कडा जुळवणं असे बारीक तपशील एकेक करून खरे झाले की नटाचा स्वतःवर विश्वास बसतो, हे त्यामागचं तत्त्व. घरी करून बघा. सगळ्यात आधी पुडकं कुठे ठेवलं तेच विसरायला होतं.

विसरण्यावरून आठवलं. भांडण रंगात आलं की हातातला कप हवेत विरतो आणि जोडीदाराने मघाशी मांडलेल्या टेबलातून कुणीतरी आरपार चालत जातं. प्रेक्षक हे शंभर टक्के बघतात. अशा वेळी ओशाळू नका. टेबलातून गेलात तर गुडघा चोळा, कळवळा, पुढे चला. चूक सीनमध्ये जिरते.

दोघांची एकच वस्तू: चादर

माझ्या मते सगळ्यात उपयोगी सराव हाच, आणि सोलापुरात त्यासाठी सामान शोधायची गरज नाही. आधी खरी चादर घ्या. दोघांनी दोन-दोन टोकं धरून घडी घालायची. लक्ष द्या: चादर ताणलेली असते म्हणून दोघांतलं अंतर ठरलेलं असतं. एकाने झटका दिला की दुसऱ्याचे हात पुढे जातात. आडवी घडी घातली तरी अंतर तेवढंच राहतं. उभी घडी घालायची तेव्हा मात्र एकमेकांकडे चालत यावंच लागतं, आणि टोकं देताना बोटांना बोटं लागतात.

आता चादर बाजूला ठेवा आणि तेच हवेत करा. नेहमीची चूक अशी की चादर रबराची होते. एक मागे सरकतो, दुसरा जागचा हलत नाही. तसं झालं की बोलणं बंद करून फक्त ताण परत आणा. तो जमला की अबोला धरलेले नवरा-बायको उभे करा. रुसलेल्या माणसाला चार पावलं जवळ यायला चादर भाग पाडते. टोक हातात देऊन ती लगेच मागे फिरते, की क्षणभर थांबते? इथे संवाद लिहायला कुणी लागत नाही.

जागेचाही विसर पडतो. यंत्रमागाच्या शेडमधला सीन आणि दोघं कुजबुजतायत! तिथे खटखटाटात कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं, निम्मं बोलणं खुणांनी होतं. अमेरिकेतल्या व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांच्या नाट्यखेळांत 'कोण' आणि 'काय' यांच्या जोडीला 'कुठे' असतो, तो याचसाठी.

युवा महोत्सवात मूकाभिनय केलेल्यांना एक वेगळी खोड असते: प्रत्येक हालचाल कोरीव, चेहरा ताणलेला, अदृश्य भिंत चाचपून दाखवायची हौस. कौशल्य चांगलं आहे, पण इथे त्याला टाळी मिळवायची नसते. चहा पिणारा माणूस चहा पिऊन दाखवत नाही.

आणि शेवटी सभागृह. तालमीच्या खोलीत सुईत दोरा ओवलेला दिसतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात मागच्या रांगेला तो दिसणार नाही. बारीक काम छातीच्या उंचीवर आणा, हात जोडीदाराच्या अंगाआड जाऊ देऊ नका, आणि बोटांच्या कामाला कोपराची साथ द्या. ओवलेला दोरा लांब ओढून घेतलात की मागच्यांनाही सुई कळते.